साफ करून पाठवलेला फोटो

कोपर स्टेशनजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक गाळा, मागे पांढरा पडदा, दोन दिवे, एक स्टूल आणि पुढे काउंटरवर कॉम्प्युटर. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, लग्नाचे अल्बम हे तर आहेच, पण आमच्याकडे सगळ्यात जास्त चालतं ते जुन्या फोटोवरून मोठी तसबीर करून द्यायचं काम. घरात कुणी गेलं की पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो लागतो, आणि नेमका त्याच माणसाचा धड एक फोटो घरात नसतो. मग लोक ओळखपत्रावरचा, ग्रुप फोटोतला, ट्रंकेत बुरशी लागलेला, असा मिळेल तो फोटो घेऊन येतात. मी त्याचे डाग काढतो, धुरकटपणा काढतो, कॉलर सरळ करतो. सत्तावीस वर्षं हेच करतोय. या कामात माझा हात धरणारा कोपरमध्ये दुसरा कुणी नाही, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असतो.

याच हाताने मी माझा डावा डोळा जवळजवळ घालवला. ते कसं झालं हे लिहायचं ठरवलं, कारण दवाखान्याच्या बाकावर माझ्यासारखे बरेच जण बसलेले असतात आणि प्रत्येक जण काही ना काही लपवत असतो. औषधांची माहिती इथे मिळणार नाही, मला ती कळतही नाही. मी काय मूर्खपणा केला तेवढं सांगतो.

मॉनिटर बदलला

सुरुवात झाली ती डाव्या डोळ्यासमोर तरंगणाऱ्या काळ्या ठिपक्यांनी. मी मॉनिटर पुसला. मग चष्मा पुसला. मग मॉनिटरच गेलाय म्हणून नवीन आणला. नव्या मॉनिटरवरही सगळं धुरकट दिसायला लागलं तेव्हा ट्यूबलाइटच्या नावाने खडे फोडले. डोळे लाल नव्हते, दुखत नव्हते, त्यामुळे डोळ्यांवर संशय घ्यायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. घरी आई म्हणायची, "त्या डब्यासमोर बसून बसून डोळ्यांची वाट लावतोयस." मी तिला सांगायचो की त्या डब्यावरच आपलं घर चालतं.

संशय आला तो माझ्या बायकोला, सुजाताला. दुपारी ती दुकानात डबा घेऊन यायची. एके दिवशी एक बाई त्यांच्या आईची तसबीर घेऊन गेल्या आणि अर्ध्या तासात परत आल्या.

"दादा, माझी आई एवढी गोरी नव्हती ओ," त्या म्हणाल्या. "आणि कपाळावरच्या आठ्या कुठे गेल्या तिच्या?"

मी त्यांच्याशी वाद घातला. त्या गेल्यावर सुजाताने त्यांच्या आईचा मूळ फोटो आणि मी केलेला फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी लावायला सांगितलं.

"अहो, बरोबर बोलत होत्या त्या. पार पीठ फासलंय तुम्ही," ती म्हणाली. "महिनाभर बघतेय, सगळ्यांनाच असं करताय. तुम्हाला नीट दिसतंय ना?"

मला फोटो धुरकट दिसत होते, म्हणून मी प्रत्येक फोटोचा धुरकटपणा काढत होतो. ज्याच्यात नव्हता त्याचाही.

हनुवटी टेकवा

डोंबिवलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, बराच वेळ आत बघितलं आणि ठाण्याला माजिवड्याच्या एका डॉक्टर मॅडमच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. म्हणाले, उद्याच जा. डॉक्टर "सवडीने जा" म्हणाले असते तर मी रात्री झोपलो असतो.

मॅडम पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढायला बसवलं. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलोय, हनुवटी वर, इकडे बघा, डोळे मिटू नका. त्या दिवशी मी हनुवटी टेकवून बसलो आणि पलीकडून हीच वाक्यं मला ऐकू आली. मग दंडाच्या शिरेत पिवळं औषध टोचून आणखी फोटो काढले. पोटात ढवळून आलं, फ्लॅशवर फ्लॅश पडत होते. घरी जाईपर्यंत माझी कातडी पिवळी पडली होती. मला बघून आई म्हणाली, "काय रे, परत हळद लागली काय?" दिवसभरात मी तेव्हाच काय तो हसलो.

पण त्याआधी मॅडमनी फोटो दाखवले. केशरी गोल, त्याच्यात शिरांच्या फांद्या, एका बाजूला एक उजळ टिकली. आणि या सगळ्यावर वाफ धरलेली.

"मॅडम, फोकस गेलाय," मी म्हणालो. दुसऱ्याचा फोटो बघितला की मला गप्प बसवत नाही.

"फोकस बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हे धुकं तुमच्या डोळ्यात आहे. युव्हायटिस म्हणतात याला, डोळ्याच्या आतली सूज. दोन्ही डोळ्यांत आहे, डाव्यात जास्त. आतल्या जेलीत सुजेच्या पेशी जमल्यात, त्यांच्यातून कॅमेरा बघतो म्हणून फोटो धुरकट येतो. खाली हे पांढरे गोळे दिसतात ना, तेही तेच. औषध लागू पडलं की हे उतरत जाणार. दर वेळी मी हेच बघणार आहे, धुकं किती उतरलं."

सुजाताने सरळ विचारलं, "मॅडम, यांची नजर जाणार का?"

"उजवा वाचेल. डावा काठावर आहे. औषध मध्येच सुटलं किंवा लवकर कमी झालं, तर तो जाऊ शकतो."

रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, टीबीची तपासणी झाली. कारण काही सापडलं नाही. बऱ्याच जणांचं सापडत नाही, असं मॅडम म्हणाल्या. मला ते फार लागलं. कारण सापडलं असतं तर निदान त्याच्यावर राग काढता आला असता.

घरातला राक्षस

स्टेरॉइडच्या गोळ्या चालू झाल्या. महिनाभरात माझा चेहरा एवढा गोल झाला की स्वतःचा पासपोर्ट फोटो काढला असता तर कुणी ओळखलं नसतं. भूक अशी की जेवून उठताना पुढच्या जेवणाची चौकशी. आणि राग. आईच्या टीव्हीचा आवाज, कुकरची शिट्टी, काहीही पुरायचं. एकदा सुजाताने लॅमिनेशनचा कागद वाकडा लावला म्हणून मी गिऱ्हाइकासमोर तिला नको नको ते बोललो. तिने मशीन बंद केलं, कागद बाजूला ठेवला आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, "गोळी बोलतेय, दादा. माणूस बरा आहे."

दुकान आता तीच बघत होती. फोटो काढायला शिकली, प्रिंट मारायला शिकली. कॉम्प्युटरवर डाग काढायचं काम मात्र मी तिला देत नव्हतो. एवढं तरी माझ्याकडे राहू दे, असं मला वाटायचं.

दीड महिन्याने ठाण्याला दुसरे फोटो झाले. मॅडमनी पहिले आणि दुसरे शेजारी शेजारी लावले. वाफ अर्धी उतरली होती, शिरांच्या मागच्या बारीक फांद्या दिसत होत्या. सुजाताच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर मॅडमच्या पाया पडावंसं वाटलं. वाटलं, जिंकलो.

कल्याणचा फोटो

पुढची तारीख नेमकी लग्नसराईत आली. जायचं-यायचं, रांग, डोळ्यांत थेंब, म्हणजे ठाण्याला गेलं की अख्खा दिवस गेला. दोन लग्नांचे अल्बम अडकलेले. मी मॅडमना विचारलं, या वेळी घराजवळ फोटो काढून पाठवला तर चालेल का. त्यांना ते आवडलं नाही. तरी म्हणाल्या, "एकदाच. कल्याणला सेंटर आहे, तिथे काढा. पण दिसण्यात जरासाही फरक वाटला तर फोटोचं सोडा आणि सरळ इथे या."

फरक वाटत होता. त्याच आठवड्यात डाव्या डोळ्याला पुन्हा थोडं धुरकट दिसायला लागलं होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही.

कल्याणच्या सेंटरमध्ये फोटो काढणाऱ्या बाईंचं नाव वैशाली, साधारण माझ्याच वयाच्या. माझ्या डोळ्याला सारखं पाणी येत होतं. त्यांनी एका हाताने माझी पापणी वर धरली, दुसऱ्या हाताने मशीन फिरवलं. "दादा, अजून एक. हा नीट नाही आला. घाई नाहीये आपल्याला." बाहेर पेशंटची रांग लागली होती, तरी माझ्या दोन डोळ्यांसाठी त्यांनी बराच वेळ दिला. फोटो त्यांनी माझ्या व्हॉट्सअॅपवर टाकले. तिथली तीच पद्धत आहे, पुढे डॉक्टरांना पेशंटने पाठवायचे.

आता माझं कामही व्हॉट्सअॅपवरच चालतं. लोक फोटो टाकतात, मी कॉम्प्युटरवर घेतो, साफ करतो, परत पाठवतो. त्या संध्याकाळी थेंबांचा असर उतरल्यावर मी बसलो तेव्हा रांगेत पंधरा पासपोर्ट, एक तसबीर आणि माझे दोन डोळे होते. पासपोर्ट झाले. तसबीर झाली. मग उजवा डोळा उघडला, सरळ केला, धुरकटपणा काढायची पट्टी सरकवली, खालचे दोन-तीन पांढरे ठिपके उडवले, सेव्ह केला. मग डावा. त्याच्यावर वाफ जास्त होती, ठिपकेही जास्त. पट्टी आणखी सरकवली, ठिपके एकेक करून काढले. शिरा कशा लखलखीत दिसायला लागल्या. दोन्ही फोटो मॅडमना पाठवले.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. "फोटो छान आलेत. दिसायला कसं आहे?"

"बरं आहे मॅडम."

त्यांनी गोळी कमी केली.

सवयीने हात फिरला, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. उजवा डोळा सवयीने साफ केला. डाव्याच्या वेळी मला कळलं होतं की हे ठिपके काय आहेत. मॅडमनी बोट ठेवून दाखवले होते. तरी मी थांबलो नाही. एवढे दिवस धुकं बघून मी वैतागलो होतो, आणि स्क्रीनवर आपला डोळा स्वच्छ बघून मला बरं वाटलं. मूळ फोटो बाजूला पडून होता, तो पाठवता आला असता. मी साफ केलेला पाठवला.

वैशालीला फोन द्या

तीन आठवड्यांनी डाव्या डोळ्याला सरळ रेघ वाकडी दिसायला लागली. समोरच्या माणसाचा चेहरा मधोमध पुसला जायचा. मी चार दिवस गप्प बसलो. पाचव्या दिवशी चहाचा कप टेबलाच्या बाहेर ठेवला आणि तो फुटला, तेव्हा सुजाताला सांगितलं. तिने काच गोळा केली, दुकानाला कुलूप लावलं आणि मला ठाण्याला घेऊन गेली.

मॅडमनी नवे फोटो काढले. डावा डोळा पहिल्या दिवसापेक्षा वाईट. दुसऱ्या मशीनवर पडद्याचा उभा छेद दिसतो, त्यात मधोमध टेकडीसारखी सूज आलेली. मॅडमनी कल्याणचा फोटो उघडला आणि शेजारी लावला. बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिल्या.

"तीन आठवड्यांत एवढं होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "पण हा फोटो मला पटत नाही. इतका साफ कसा? एक तर दुसऱ्या पेशंटचा पाठवलाय, नाहीतर मशीनची काहीतरी गडबड आहे. तिथे असं चाललं असेल तर बाकीच्यांचं काय?" त्यांनी फोन लावला. "हॅलो, वैशालीला फोन द्या जरा."

पापणी वर धरणारा तो हात मला आठवला.

"मॅडम, ठेवा फोन. तो फोटो मी साफ केलाय."

त्यांनी "नंतर करते" म्हणून फोन ठेवला. "साफ केलाय म्हणजे?"

मी सांगितलं. धुरकटपणा कसा काढला, ठिपके कसे उडवले, आणि फोनवर "बरं आहे" म्हणालो तेव्हा बरं नव्हतं, हेही. सुजाता माझ्याकडे बघत होती, मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. "ते डाग नव्हते हो," त्या म्हणाल्या. "तो तुमचा आजार होता. त्याच्यावरूनच मी गोळी ठरवते." मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि मीसुद्धा तुम्हाला समोर न बसवता गोळी कमी केली. ती माझी चूक. आता दोघंही असं करायचं नाही."

त्याच दिवशी डाव्या डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन दिलं. गोळ्या पुन्हा वाढल्या, वर आठवड्यातून एकदा घ्यायची आणखी एक गोळी आली, तिच्यासाठी दर महिन्याला रक्त तपासायचं. डावा किती परत येईल असं विचारलं, तर मॅडमनी खांदे उडवले नाहीत आणि धीरही दिला नाही. "बघू या," म्हणाल्या.

सुजाता बोलली ती घरी आल्यावर, आईसमोर.

"मी दुकान बघते, तुमच्या शिव्या खाते, गोळ्या हातात काढून देते. आणि तुम्ही डॉक्टरलाच मेकअप करून दाखवता?"

आईला काय झालं ते कळलं नव्हतं, तरी ती सुजाताच्या बाजूने बसली. मी रडलो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, भातुकलीतली बाहुली मोडल्यासारखा रडलो. सुजाताने समजूत घातली नाही. पाणी मात्र आणून दिलं.

बाकावरचे दिवस

पुढचे सात महिने मी दर पंधरा दिवसांनी माजिवड्याला गेलो. थेंब घातलेले दहा-बारा जण बाकावर बसलेले असायचे, कुणालाच कुणाचा चेहरा धड दिसायचा नाही. आम्ही एकमेकांना आवाजावरून ओळखायचो. एक म्हातारे आजोबा दर वेळी विचारायचे, "फोटोवाले आले का?" माझी गोष्ट मी त्यांना पहिल्यांदा सांगितली तेव्हा ते माझ्याजवळ सरकले. मग म्हणाले, "मी पण थेंब टाकत नाही रोज. मॅडमना सांगतो टाकतो म्हणून." त्या दिवशी आत गेल्यावर त्यांनी ते खरं सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

मधल्या काळात मी कल्याणला गेलो. वैशालीताईंची माफी मागायची होती. काय झालं, कुणाचं नाव खराब होणार होतं, सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मी वाट बघत होतो की आता बोलतील.

"ते डाग खरंच निघतात काय हो?" त्यांनी विचारलं. "माझ्या पप्पांचा एकच फोटो आहे. पार बुरशी लागलीये त्याला."

मी म्हणालो, पाठवा.

तो फोटो सुजाताने साफ केला. मी शेजारी बसून सांगत होतो, ती करत होती. दोनदा मी "अजून उजळ कर" म्हणालो, दोन्ही वेळा ती म्हणाली, "नको, सावळेच असतील ते." आता दुकानातलं हे काम तीच करते. पहिले काही दिवस मला ते जड गेलं. खोटं कशाला सांगू, अजूनही जातं.

शेजारी शेजारी

गेल्या महिन्यात मॅडमनी पहिल्या दिवसापासूनचे सगळे फोटो एका ओळीत लावून दाखवले, कल्याणचा तेवढा वगळून. पहिल्यात वाफ, मग कमी, मग पुन्हा दाट, मग हळूहळू विरत गेलेली. शेवटच्या फोटोत धुकं नव्हतं. मी हात लावलेला नसताना नव्हतं. उजवा डोळा चांगला आहे. डाव्याच्या मधोमध मात्र एक फिकट चट्टा राहिलाय.

"सूज गेली," मॅडम म्हणाल्या. "पण मधल्या काळात ती तिथे जास्त दिवस राहिली, त्याचा हा व्रण. हा जाणार नाही. डाव्या डोळ्याने तुम्हाला वाचता येणार नाही."

सुजाताने विचारलं, "वेळेत आलो असतो तर?"

मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कदाचित हा व्रण राहिला नसता." मग म्हणाल्या, "पण डावा डोळा आहे. जाऊ शकला असता, तो राहिलाय. दुकानही चालेल तुमचं."

बाहेर येऊन आम्ही पुलाखाली रिक्षाची वाट बघत उभे राहिलो. ऊन होतं, मी काळा चष्मा लावलेला. सुजाताने तो काढून घेतला.

"उजवा डोळा झाका," ती म्हणाली.

"इथे?"

"इथेच. झाका." ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आता सांगा, मी कशी दिसते."

छान दिसतेस, हे माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी थांबलो आणि बघितलं.

"तुझे केस दिसतात. कानातले दिसतात. खांद्यावरची पर्स दिसते," मी म्हणालो. "चेहरा नाही दिसत. तिथे नुसतं पुसट आहे."

तिचा चेहरा कसा झाला असेल ते मला दिसलं नाही. मग तिने माझा हात उजव्या डोळ्यावरून खाली घेतला आणि तो तसाच हातात धरून ठेवला.

"असंच सांगायचं," ती म्हणाली. "दर वेळी. आधी मला."